लाइट गेली ते बरं झालं

या वेळचं पत्र सांगलीतल्या विश्रामबागहून आलंय. लांबलचक आहे, म्हणून गाभा तेवढा देतो.

"घरात एकच कॉम्प्युटर, २०१७ साली घेतलेला, विंडोज १० असलेला. मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. रात्री घरी बसून पट्ट्या (मालविक्रीचे हिशोबाचे कागद) आणि हिशोब त्यावरच करतात, बँकेचे व्यवहारही त्यावरच. मी शिकवणी घेते. प्रश्नपत्रिका टाइप करते आणि पेन ड्राइव्हवर टाकून झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणते. मुलगा अकरावीला, त्याचे गेम. तीन आठवडे झाले, स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात सारखं 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले' असं येतंय. गेल्या आठवड्यात तर सगळी स्क्रीनच व्यापली, भोंगा वाजायला लागला आणि 'कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा' असं एक बाई बोलू लागली. मिस्टरांनी घाबरून फोन लावला. समोरचा माणूस एक प्रोग्राम टाकायला सांगत होता, तेवढ्यात लाइट गेली. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारू आणि तीन वर्षांचा अँटिव्हायरस टाकू. मुलाने आता कबूल केलंय की महिन्यापूर्वी फुकटातला गेम टाकताना त्याने अँटिव्हायरस बंद केला होता. कोणता अँटिव्हायरस घ्यावा? फोटो जातील का? बँकेच्या खात्याला धोका आहे का?"

ताई, लाइट गेल्याबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदाच देवाचे आभार मानतोय. मिस्टरांनी तो प्रोग्राम टाकला असता तर तुमच्या कॉम्प्युटरचा माउस त्या माणसाच्या हातात गेला असता. मग त्याने काळ्या खिडकीत भराभर पळणारी अक्षरं दाखवली असती, 'बघा किती व्हायरस' म्हटलं असतं, आणि शेवटी 'फी भरायला बँकेत लॉगिन करा' यावर गाडी आली असती. कोणतीही खरी कंपनी, मायक्रोसॉफ्टसुद्धा, धोक्याच्या सूचनेत फोन नंबर देत नाही. नंबर दिसला की समजायचं, ही सूचना नाही, जाहिरात आहे. तो भोंगा ब्राउझरमधलं एक साधं पान वाजवत होतं. पुन्हा आलंच तर एस्केपचं बटण दाबून धरा. नाही गेलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यातून ब्राउझर बंद करा. परत उघडल्यावर 'आधीची पानं उघडू का' असं विचारेल, त्याला नाही म्हणा. बाई बोलायची थांबेल.

आता कोपऱ्यातल्या पाच व्हायरसांकडे येऊ. माझ्याकडे 'व्हायरस शिरलाय' म्हणून येणाऱ्या तक्रारींत हीच सगळ्यात जास्त असते, आणि बहुतेक वेळा तो व्हायरस नसतोच. घरातल्या कुणीतरी एखाद्या साइटवर, सिनेमा बघताना किंवा गेम शोधताना, 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा' असं वाचून अलाउ दाबलेलं असतं. म्हणजे त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी आपणच दिली. मग ती दिवसभर कोपऱ्यातून हाका मारत बसते. क्रोममध्ये उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर जा, सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी मिळालेल्यांची यादी दिसेल. ज्यांची नावं वाचून तुम्हाला काही बोध होत नाही, त्या सगळ्यांना काढून टाका. तिथेच 'कुणी परवानगीच मागू नये' असाही पर्याय आहे, तो निवडा. जाता जाता एक्स्टेन्शन्सची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामची, यादीही बघून घ्या. आपण न टाकलेलं काही असेल तर तेही घालवा. पाच मिनिटांचं काम आहे. एवढ्यासाठी सगळं पुसून कॉम्प्युटर फॉरमॅट करणं म्हणजे दारावर चिकटवलेली जाहिरात काढायला दारच बदलण्यातली गत.

तरीसुद्धा, तुमचा दुरुस्तीवाला जे म्हणतोय ते करा असंच मी सांगणार आहे. फक्त कारण वेगळं.

कारण आहे तो गेम. पैसे देऊन घ्यायचा गेम फुकटात मिळतो तेव्हा कुणीतरी त्याचं कुलूप तोडलेलं असतं. त्या तोडलेल्या कुलपाला पोरं क्रॅक म्हणतात. क्रॅकच्या सोबतीला बहुतेक वेळा एक चिठ्ठी असते: 'आधी अँटिव्हायरस बंद करा, तो उगाचच याला व्हायरस समजतो.' तुमच्या मुलाने सांगितलेलं इमानेइतबारे केलं. अँटिव्हायरस काम कसं करतो ते थोडक्यात सांगतो. पोलीस ठाण्याच्या फलकावर हव्या असलेल्या गुन्हेगारांचे फोटो लावलेले असतात, तशी त्याच्याकडे ओळखीच्या घातक फाइलींच्या खुणांची यादी असते. शिवाय अनोळखी प्रोग्राम काय हालचाली करतो, यावरही तो नजर ठेवतो. एखादा प्रोग्राम भराभर सगळ्या फाइली बदलायला लागला, तर त्याचे कान टवकारतात. हे सगळं चालू असताना आत येणं अवघड असतं. त्यापेक्षा घरच्याच माणसाकडून पहारेकऱ्याला रजा द्यायला लावणं सोपं.

आणि अशा क्रॅकमधून येतं काय? दोन गोष्टींची मला खरी धास्ती वाटते. पहिली म्हणजे खंडणीखोर प्रोग्राम. स्टॉप-डीजेव्हीयू नावाचं त्याचं एक कुळ क्रॅकमधूनच जगभर घरोघरी पसरलं. ते फोटो, पत्रं, हिशोब सगळं कुलूपबंद करतं आणि चिठ्ठी ठेवतं: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर निम्मे. हा घाला पडला की लगेच कळतो. दुसरा प्रकार गुपचूप असतो. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिनच्या खुणा उचलतो, आपल्या धन्याकडे पाठवतो आणि अनेकदा स्वतःला पुसून निघून जातो. नंतर कितीही स्कॅन करा, सापडणार काय? चोर गेलेला असतो, कपाट जागेवर असतं, कुलूपही शाबूत असतं. महिनाभर तुमच्या घरात काहीच झालं नाही म्हणून पहिला प्रकार नसावा. दुसरा नसेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि ज्या मशीनवर बँक उघडते त्या मशीनच्या बाबतीत 'नसेल बहुतेक' यावर मी झोपू शकत नाही. म्हणून फॉरमॅट.

पण आजच मारू नका. क्रम महत्त्वाचा आहे.

आज रात्री इंटरनेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा आणि तो कॉम्प्युटर बँकेसाठी वापरणं थांबवा. मग पासवर्ड बदला, पण त्या कॉम्प्युटरवरून नव्हे, मोबाइलवरून. आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांचे 'पासवर्ड विसरलात का' तिथेच येतात. मग बँकेचा. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. ईमेलच्या सेटिंगमध्ये 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा' असा पर्याय असतो, तोही दाबा, म्हणजे चोरीला गेलेल्या लॉगिनच्या खुणा बाद होतात. दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं, चालू करा. मिस्टरांना खात्याचा महिन्याभराचा उतारा ओळन्‌ ओळ तपासायला सांगा. दिवाणजी माणूस, त्यांना ते शिकवायला नको. न केलेला व्यवहार दिसला तर बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यांतून फिरायच्या आत अडवायचे असतात, त्यामुळे तिथे तासाला किंमत आहे. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर करता येते.

मग फोटो. एक बाहेरची हार्ड डिस्क विकत घ्या आणि तिच्यावर फक्त तुमची स्वतःची चीजवस्तू उतरवा: फोटो, प्रश्नपत्रिका, हिशोबाच्या प्रोग्रामचा बॅकअप. गेम, सेटअपच्या फाइली, 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेले प्रोग्राम यांतलं काही घेऊ नका. व्हायरस तिथेच दबा धरून असतो. नव्या विंडोजमध्ये ती डिस्क जोडल्यावर उघडायच्या आधी स्कॅन करा. थोडक्यात, फोटो जाणार नाहीत, पण ते फॉरमॅटच्या आधी काढून घेतलेत तरच. दुरुस्तीवाल्याच्या 'डी ड्राइव्हला काही होत नाही' यावर विसंबू नका.

फॉरमॅट तुम्ही घरीही करू शकता. सेटिंग्जमध्ये रिकव्हरी, तिथे 'रिसेट धिस पीसी', त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि मग 'क्लाउड डाउनलोड' निवडा. त्यासाठी मात्र इंटरनेट परत जोडावं लागेल. चार जीबीच्या वर डेटा जातो, पण विंडोज थेट मायक्रोसॉफ्टकडून ताजं उतरतं. दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्यायचं असेल तर एक प्रश्न विचारा: विंडोज कुठलं टाकणार? तुमच्या मशीनसोबत अस्सल विंडोज आलं असेल, तर त्याचा परवाना सहसा मशीनच्या मदरबोर्डाशी जोडलेला असतो आणि पुन्हा टाकल्यावर आपोआप ओळखला जातो. नवा पैसा लागत नाही. पण काही जण खिशातल्या पेन ड्राइव्हवरचं तोडलेल्या कुलपाचं विंडोज टाकून देतात. म्हणजे गेमचा क्रॅक काढायला विंडोजचा क्रॅक! मी सांगलीत बारा-तेरा वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवला. सुरुवातीच्या काळात आमच्याकडेही असल्या सीड्यांची चळत होती, हे कबूल करतो. त्या काळी फारसं बिघडत नव्हतं, कारण कॉम्प्युटरमध्ये बँक नव्हती.

आणि व्हायरसही बापुडवाणे होते. पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस 'ब्रेन' १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला आणि त्यात चक्क स्वतःच्या दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता. फ्लॉपीतून फिरायचा. आजचे चोरही फोन नंबर देतातच म्हणा, पण पत्ता देत नाहीत.

आता तुमचा मूळ प्रश्न: अँटिव्हायरस कोणता? विंडोज १० मध्ये डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस आधीपासूनच आहे, वेगळे पैसे पडत नाहीत, आणि तुमच्यासारख्या घराला तो पुरतो. तो चालू ठेवणं ही खरी गोष्ट. विकतचा घ्यायचाच असेल तर माझी ना नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात करून क्विक हील ही अँटिव्हायरसची कंपनी उभी करणारे कैलास काटकर मूळचे आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले, त्याचा मलाही अभिमान आहे. फक्त दोन अँटिव्हायरस एकत्र नांदवू नका, ते एकमेकांवरच संशय घेत बसतात आणि मशीन रडकुंडीला येतं. पण तीन वर्षांचे पैसे भरलेत आणि पोराने पुन्हा गेमसाठी तो बंद केला, तर काय उपयोग? म्हणून नव्या विंडोजमध्ये पहिलं काम करा ते खात्यांचं. ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं एक, त्याचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे. मिस्टरांचं, मुलाचं आणि रोजच्या वापराचं तुमचंसुद्धा खातं साध्या दर्जाचं. कुठलाही प्रोग्राम, चांगला असो की घातक, तो चालवणाऱ्याच्या अधिकारातच काम करतो. साध्या खात्यातून डिफेंडर बंद करता येत नाही, विंडोजच्या मुळाला हात लावता येत नाही, पासवर्ड मागितला जातो. मग मुलाला काही टाकायचं असेल तर तो स्वयंपाकघरात येऊन तुम्हाला विचारेल. माझ्या मते कुठल्याही विकतच्या पॅकेजपेक्षा याचा फायदा मोठा आहे, आणि हे कुणीच करत नाही कारण फार साधं आहे.

विंडोज सिक्युरिटीमध्ये 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' नावाच्या भागात 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' म्हणून एक बटण आहे, ते चालू करा. मग अनोळखी प्रोग्रामला तुमच्या कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये ढवळाढवळ करता येत नाही. एखादे वेळी हिशोबाचा प्रोग्रामही अडेल, त्याला यादीत घालून परवानगी द्यावी लागेल. फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलच्या नावामागचं शेपूटही, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी शेवटची अक्षरं, दिसेल असं करून ठेवा. विंडोज ते लपवतं, आणि त्याचा फायदा मे २००० मध्ये 'आय लव्ह यू'वाल्या व्हायरसने घेतला होता: नाव प्रेमपत्राचं, शेवट टीएक्सटीने झाल्यासारखा दिसायचा, खरं शेपूट मात्र व्हीबीएस, म्हणजे प्रोग्रामचं. आज तसंच 'पट्टी डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' मिस्टरांच्या मेलमध्ये येऊ शकतं. शेवटचं शेपूट खरं, मधलं सोंग.

झेरॉक्सच्या दुकानाचं काय? त्या दुकानातल्या मशीनला दिवसाला शंभर पेन ड्राइव्ह लागतात. तिथून परत आल्यावर ड्राइव्हमधलं फोल्डर गायब आणि त्या जागी कोपऱ्यात बाण असलेला शॉर्टकट दिसला, तर त्यावर डबल क्लिक करू नका. फोल्डर गेलेलं नसतं, लपवलेलं असतं. बाणावर क्लिक केलं की व्हायरस चालू होतो. आधी स्कॅन करा, मग लपवलेल्या फाइली दाखवायचा पर्याय निवडून त्या काढून घ्या. माझं म्हणाल तर छपाईसाठी चार-पाचशेचा वेगळा ड्राइव्ह ठेवा, त्यावर छापायची एक पीडीएफ सोडून दुसरं काही ठेवू नका आणि घरी आलात की दर वेळी पुसा.

मुलाला एक नवा फंडा मात्र आजच सांगा. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणत काही साइट कीबोर्डवरची विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबायला सांगतात, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. म्हणजे त्यांनी आपल्या नकळत कॉपी करून ठेवलेला हुकूम आपणच आपल्या हाताने चालवायचा. मोठमोठ्या ऑफिसांतली शहाणी माणसं यात सापडली आहेत.

विंडोज १० बद्दल थोडक्यात. त्याची मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते. ती सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरूनच घेता येते. २०१७ च्या बहुतेक मशीनला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, तेव्हा नव्या मशीनसाठी पैसे बाजूला ठेवायला लागा. अपडेटला कंटाळू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातल्या दवाखान्यांपासून कारखान्यांपर्यंत सगळं ठप्प केलं, तेव्हा ते भोक बुजवणारं अपडेट येऊन दोन महिने झाले होते. ज्यांनी 'नंतर आठवण करा' दाबलं होतं, ते फसले.

राहिली ती हार्ड डिस्क. ती फोटो उतरवून झाल्यावर कॉम्प्युटरला लावून ठेवायची नाही. जोडलेली असेल तर खंडणीखोर प्रोग्राम तीही कुलूपबंद करतो. महिन्यातून एकदा जोडायची, नवं ते उतरवायचं, काढून कपाटात. आणि एक कपाट पुरत नाही, हे आपल्या गावाला तरी सांगायला नको. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड नाही, वास नाही. २००५ च्या पुराचं पाणी आत शिरलं आणि एका फटक्यात गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. त्या वेळी गणपती पेठेतल्या माझ्या एका मित्राचा कॉम्प्युटर आणि त्याचा बॅकअप दोन्ही एकाच टेबलावर होते. कॉम्प्युटर वर, बॅकअप खालच्या खणात. मीच त्याला बॅकअप घ्यायला शिकवलं होतं, कुठे ठेवायचा ते सांगायचं राहिलं.

म्हणून डिस्क दोन घ्या. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की माहेर तासगावला आहे आणि महिन्या-दोन महिन्यांनी जाणं होतं. दुसरी डिस्क तिथे ठेवा, जाताना एक न्यायची, येताना तिथली आणायची. वर तारखेची चिठ्ठी चिकटवा. फक्त ती तुमच्या भाच्याच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, त्याच्याकडेही गेम असणारच.